कागदावर सापडलेला ग्रह



रात्री अंगणात बाज टाकून आडवे झाले, की वर आभाळ दिसते. सप्तर्षी दिसतात, कृत्तिकांचा झुबका दिसतो, मृगाच्या तीन चांदण्या एका ओळीत दिसतात. या चांदण्या एकमेकींना सोडत नाहीत. आपल्या आजोबांनी त्या जशा पाहिल्या, तशाच आपण पाहतो.

पण पाच ठिपके असे आहेत, की ते या घरातून त्या घरात फिरत असतात. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. त्यांना आपण ग्रह म्हणतो. हे पाच ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून ते फार जुन्या काळापासून माणसाला माहीत आहेत.

आज आपण अशा एका ग्रहाची गोष्ट वाचणार आहोत, की जो नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो आधी कागदावर सापडला, नि मग आभाळात. त्याचा शोध घेणाऱ्यांपैकी एक जण इंग्लंडातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याचे नाव जॉन कौच ॲडम्स.

हर्षलची चाल चुकते

इंग्लंडात बाथ नावाचे शहर आहे. तेथे विल्यम हर्शल नावाचे एक संगीतशिक्षक राहत. दिवसा गाणे-बजावणे शिकवायचे, नि रात्री घरी बनवलेल्या दुर्बिणीतून आभाळ पाहायचे, असा त्यांचा क्रम. 13 मार्च 1781 या दिवशी त्यांना एक नवाच ठिपका दिसला. आधी त्यांना वाटले, हा धूमकेतू असेल. पुढे कळले, की हा शनीच्या पलीकडचा ग्रह आहे. त्याला युरेनस असे नाव मिळाले. आपल्याकडे मात्र शोधणाऱ्याच्या नावावरून त्याला ‘हर्षल’ म्हणू लागले. पंचांगात नि पत्रिकेत हर्षल लिहितात, तो हाच.

सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात. हर्षल फार दूर आहे. त्याला एक फेरी पुरी करायला 84 वर्षे लागतात. एखाद्या माणसाचे सगळे आयुष्य म्हणजे त्याची एक फेरी!

ग्रह अमक्या दिवशी कोठे असेल, हे गणिताने काढता येते. ग्रहणे आधी सांगतात ती याच गणिताने. फ्रान्समधील बूव्हार नावाच्या ज्योतिर्विदाने 1821 साली हर्षलची कोष्टके छापली. पण काय झाले, की थोड्याच वर्षांत हर्षल कोष्टकाला जुमानीनासा झाला. कोष्टक म्हणे येथे, तर ग्रह जरा तिथे. फरक अगदी थोडा होता. नुसत्या डोळ्यांना तो कळलाही नसता. पण गणित म्हणजे गणित. त्यात थोडी चूक ही सुद्धा चूकच.

मग चूक कोणाची? कोष्टकाची, दुर्बिणीची, की आणखी कशाची?

खळ्यावरचा बैल

हे समजायला जुन्या पद्धतीची मळणी आठवा. आता यंत्रे आली, पण खळे नि तिवडा अजून पुष्कळांना ठाऊक असेल. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला असतो. त्याला दावे बांधून बैल गोल फिरवतात. बैल एका चालीने फिरत असतो. पण समजा, कुडाच्या पलीकडे कोणी हिरव्या कडब्याची पेंढी ठेवली. पेंढी आपल्याला दिसत नाही. बैलाला मात्र तिचा वास येतो. मग काय होते? बैल त्या बाजूला जाऊ लागला, की पाय उचलतो. ती जागा मागे पडली, की रेंगाळतो. मान बाहेर ओढतो. जाणता शेतकरी पेंढी न पाहताही सांगेल, की कुडापलीकडे या बाजूला काहीतरी आहे.

ग्रहांचेही असेच आहे. सूर्य हा तिवडा. त्याची ओढ हे दावे. पण ग्रहसुद्धा एकमेकांना थोडे थोडे ओढतात. न्यूटन नावाच्या थोर गणितज्ञाने हा ओढीचा नियम 1687 साली ग्रंथात मांडला होता. हर्षल काही वर्षे जरा घाईने चालला होता. 1822 सालाच्या सुमारानंतर तो रेंगाळू लागला. म्हणजे त्याच्या पलीकडे कोणी तरी आहे, नि ते त्याला ओढते आहे, असा काही जाणकारांना संशय आला.

पण संशय निराळा नि पत्ता निराळा. आभाळ केवढे! तेथे चांदण्या किती! त्यांतली नेमकी कोणती, हे कोण सांगणार? पेंढी कोठे ठेवली आहे ते माहीत असेल, तर बैल कसा चालेल हे सांगणे सोपे. पण नुसत्या बैलाच्या चालीवरून पेंढी किती मोठी, किती लांब नि कोणत्या बाजूला, हे काढायचे, म्हणजे उलटे गणित. ते फार अवघड. तसे गणित पूर्वी कोणी पुरे केले नव्हते.

कुळाच्या घरचा मुलगा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथे लॅनीस्ट गावाजवळ लिडकॉट नावाचा एक मळा आहे. या मळ्यावर 5 जून 1819 रोजी जॉनचा जन्म झाला. त्याचे वडील टॉमस हे कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसत. घरात सात भावंडे, जॉन सर्वांत थोरला. घरची स्थिती बेताची. पण आईला तिच्या नातलगाकडून थोडी पुस्तके मिळाली होती. त्यांत ज्योतिषाचीही होती. येथे ज्योतिष म्हणजे भविष्य सांगणे नव्हे, तर ग्रहताऱ्यांच्या गतीचे शास्त्र. ही पुस्तके हेच जॉनचे पहिले खेळणे.

गावच्या शाळेत त्याचे गणित लवकरच मास्तरांच्या पुढे गेले. बाराव्या वर्षी त्याला डेव्हनपोर्ट या बंदराच्या गावी आईच्या एका चुलतभावाच्या शाळेत पाठवले. तेथे कामकरी लोकांसाठी काढलेले एक वाचनालय होते. शाळेपेक्षा त्याला या वाचनालयाचाच जास्त उपयोग झाला. पुढचे गणित तेथे तो आपल्या आपण पुस्तकांवरून शिकला. शिकवायला कोणी नाही म्हणून तो थांबला नाही.

1835 साली हॅलेचा धूमकेतू येणार होता. हा धूमकेतू सुमारे 76 वर्षांनी येतो. सोळा वर्षांचा जॉन रोज रात्री त्याची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसे. शेवटी तो दिसला. त्याचा आनंद त्याने पत्र लिहून आईवडिलांना कळवला.

मुलगा हुशार आहे हे सर्वांना दिसत होते. पण वरच्या शिक्षणाला पैसे कोठून आणायचे? तेवढ्यात आईला वारसाने थोडी जमीन मिळाली. तिचा आधार झाला. 1839 साली जॉन केंब्रिजच्या विद्यापीठात दाखल झाला. गरीब मुलांना तेथे कमी खर्चात ठेवून घेत. त्या सवलतीवर तो शिकला. शिकता शिकता दुसऱ्या मुलांना शिकवून चार पैसे मिळवी, नि त्यांतून धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठी घरी पाठवी. 1843 साली तो गणिताच्या परीक्षेत सबंध विद्यापीठात पहिला आला. दुसऱ्या आलेल्या मुलाच्या दुपटीहून जास्त गुण त्याला होते, असे सांगतात.

आता जॉन मोठा झाला. आपणही त्याला अहो-जाहो करू.

रात्रीचा हिशेब

परीक्षेच्या सुमारे दीड वर्ष आधीच, 3 जुलै 1841 रोजी, ॲडम्सनी एका कागदावर स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती. परीक्षा झाली, की हर्षलच्या बिघडलेल्या चालीचे कोडे हाती घ्यायचे; तिला पलीकडचा एखादा न सापडलेला ग्रह कारण आहे का ते पाहायचे; आणि असेल, तर त्याचा पत्ता काढायचा. तेव्हा त्यांचे वय होते 22. ती टीप आजही जपून ठेवलेली आहे.

सुट्टीत घरी गेले, की दिवसा शेतात भावांना मदत करावी, नि रात्री हिशेब मांडावा. सगळे घर निजले, तरी दिवा जळत असे. एक धाकटा भाऊ शेजारी बसून आकडे बरोबर उतरले का, बेरजा-वजाबाक्या जुळल्या का, हे पाही. आजच्यासारखी हिशेबाची यंत्रे तेव्हा नव्हती. होते ते कागद, लेखणी नि डोके. हर्षलच्या जुन्या नव्या जागांचे आकडे घ्यायचे, नवा ग्रह येथे आहे असे धरायचे, ताळा पाहायचा, जुळला नाही की पुन्हा मांडायचे.

सप्टेंबर 1845 मध्ये त्यांच्या हाती उत्तर आले. नवा ग्रह अमुक दिवशी आभाळात अमुक जागी असावा, असे त्यांनी लिहून काढले. ही जागा खऱ्या जागेपासून सुमारे दोन-अडीच अंश दूर होती. अंश म्हणजे किती? पुनवेचा चंद्र आभाळात अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणजे चूक होती चार-पाच चंद्र ओळीने मांडावेत एवढी. सबंध आभाळाच्या मानाने ही चूक काहीच नव्हे!

न पाठवलेले उत्तर

उत्तर आले, पण दुर्बीण रोखून ग्रह शोधायला हवा होता. ॲडम्सनी आपले आकडे केंब्रिजच्या वेधशाळेचे प्रमुख चॅलिस यांना दिले. चॅलिस यांनी ग्रिनिचला जाण्यासाठी ओळखीची चिठ्ठी दिली. लंडनजवळ ग्रिनिच येथे सरकारी वेधशाळा होती. तिचे प्रमुख होते जॉर्ज एअरी. हे फार शिस्तीचे नि कामात बुडालेले गृहस्थ. ॲडम्स पहिल्यांदा गेले, तेव्हा एअरी फ्रान्सला गेले होते. 21 ऑक्टोबर 1845 रोजी ॲडम्स पुन्हा गेले. साहेब घरी नव्हते. त्याच दिवशी परत गेले, तर साहेब जेवायला बसले आहेत, असे दारावरून समजले. आपल्या उत्तराचा गोषवारा एका कागदावर ठेवून ते निघून आले.

यात आधी सांगून वेळ ठरवली नव्हती, हा दोष ॲडम्सचा. नि आलेल्या माणसाची भेट होऊ नये, हा दोष त्या घराचा. पण गोष्ट येथे संपली नव्हती. एअरी यांनी कागद वाचला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ॲडम्सना पत्र लिहून एक प्रश्न विचारला. हर्षल फक्त पुढे-मागे चुकत नाही. सूर्यापासूनचे त्याचे अंतरही कोष्टकाशी जुळत नाही. तुमच्या नव्या ग्रहाने त्याचाही उलगडा होतो का?

ॲडम्सना हा प्रश्न क्षुल्लक वाटला. त्याचे उत्तर त्यांना देता आले असते. पण ते उत्तर गेलेच नाही. 2004 साली कॉर्नवॉलमधल्या जुन्या कागदपत्रांत एक कच्चा मसुदा सापडला. तारीख 13 नोव्हेंबर 1845. म्हणजे ॲडम्स उत्तर लिहायला बसले होते. पण ते पत्र पुरे झाले नाही, नि टपालात पडले नाही.

उत्तर आले नाही, तेव्हा एअरींनी कागद बाजूला ठेवला. असे आठ महिने गेले.

पॅरिसचा गणिती

इकडे ॲडम्सचे कागद पडून होते, तेव्हा फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसला, दुसरा एक माणूस हेच गणित सोडवत होता. त्याचे नाव उर्बँ ले व्हेर्ये. या दोघांना एकमेकांची काही माहिती नव्हती.

दोघांची हुशारी सारखी, पण रीत निराळी. ले व्हेर्ये जे काढत ते छापत. नोव्हेंबर 1845 मध्ये त्यांनी पहिला निबंध वाचला. 1 जून 1846 रोजी नव्या ग्रहाची जागा सांगितली. 31 ऑगस्टला आणखी खुलासेवार सांगितली. सगळे उजेडात, सर्वांसमक्ष.

जूनचा निबंध एअरींच्या हाती पडला, तेव्हा ते चमकले. ले व्हेर्ये यांनी सांगितलेली जागा नि आपल्याकडे पडून असलेल्या कागदावरची जागा जवळजवळ एकच! मग त्यांनी चॅलिस यांना लिहिले, की केंब्रिजच्या मोठ्या दुर्बिणीतून ताबडतोब शोध सुरू करा.

काखेत कळसा

चॅलिस यांनी 29 जुलै 1846 रोजी शोधाला सुरुवात केली. त्यांची रीत अशी. ग्रह दुर्बिणीतही चांदणीसारखाच दिसणार. पण चांदणी जागा सोडत नाही, ग्रह सोडतो. म्हणून आभाळाच्या एका तुकड्यातल्या सगळ्या चांदण्या आज लिहून काढायच्या. काही दिवसांनी पुन्हा लिहायच्या. मग दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. जो ठिपका एका यादीत आहे नि दुसरीत नाही, तोच ग्रह.

रीत चांगली होती. चॅलिस यांनी नेटाने तीन हजारांवर चांदण्या नोंदल्या. पण याद्या ताडून पाहण्याचे काम त्यांनी मागे टाकले. थोडे पाहिले तेही अर्धवट. 30 जुलै नि 12 ऑगस्ट या दोन याद्या त्यांनी ताडायला घेतल्या नि 39 व्या चांदणीपाशी थांबले. पुढे सगळे उघडकीला आल्यावर त्यांनीच पाहिले, की 12 ऑगस्टच्या यादीतली 49 वी चांदणी पहिल्या यादीत नव्हती. तोच तो ग्रह! दहा ओळी आणखी वाचल्या असत्या, तर जगातला मोठा शोध त्यांच्या नावावर लागला असता. 4 ऑगस्टच्या नोंदीतही तो ग्रह होताच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

बर्लिनची रात्र

पॅरिसमध्येही ले व्हेर्ये यांना दुर्बीण रोखायला उत्साहाने कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांना एक जुने पत्र आठवले. जर्मनीतल्या बर्लिन शहराच्या वेधशाळेत गाले नावाचे एक तरुण ज्योतिर्विद होते. त्यांनी वर्षभरापूर्वी आपला प्रबंध ले व्हेर्ये यांना पाठवला होता. त्याची पोचसुद्धा ले व्हेर्ये यांनी दिली नव्हती! 18 सप्टेंबर 1846 रोजी त्यांनी गाले यांना पत्र लिहिले. प्रबंधाबद्दल आभार मानले, नि आभाळातला एक पत्ता देऊन तेथे पाहण्याची विनंती केली.

पत्र 23 सप्टेंबरला पोचले. गाले यांनी प्रमुखांची परवानगी घेतली, नि त्याच रात्री दुर्बीण लावली. दारेस्त नावाचा एक विद्यार्थी मदतीला होता. त्याने सुचवले, की आपल्याकडे चांदण्यांचा नवा नकाशा आहे, तो घेऊन बसू. आभाळाच्या त्या तुकड्याचा हा नकाशा छापून झाला होता, पण अजून बाहेरगावी वाटला गेला नव्हता. म्हणून केंब्रिजला तो मिळाला नव्हता.

मग गाले दुर्बिणीतून एकेक चांदणी पाहून तिची जागा सांगू लागले. दारेस्त नकाशावर बोट ठेवून ‘आहे’ म्हणू लागला. तासाभरातच गाले यांनी एक चांदणी सांगितली, नि ती नकाशावर नव्हती. दुसऱ्या रात्री पाहिले, तर ती जागेवरून सरकली होती. ग्रह सापडला! ले व्हेर्ये यांनी सांगितलेल्या जागेपासून तो एक अंशसुद्धा दूर नव्हता.

या ग्रहाला नेपच्यून हे नाव मिळाले. रोमन लोकांच्या समुद्रदेवाचे हे नाव. म्हणून आपल्याकडे काही जण त्याला वरुण म्हणतात. तो सूर्यापासून सुमारे 450 कोटी किलोमीटर दूर आहे. सूर्याचा उजेड तेथे पोचायला चार तासांहून जास्त वेळ लागतो. त्याची रुंदी आपल्या पृथ्वीच्या जवळजवळ चौपट आहे. त्याची एक फेरी सुमारे 165 वर्षांची. म्हणजे सापडल्यापासूनची त्याची पहिली फेरी 2011 साली पुरी झाली. 1989 च्या ऑगस्टमध्ये ‘व्हॉयेजर 2’ हे अमेरिकेने सोडलेले यान त्याच्या जवळून गेले, नि निळ्या रंगाच्या या ग्रहाची जवळून घेतलेली चित्रे जगाने पाहिली.

मान कोणाचा?

आता भांडण सुरू झाले. ऑक्टोबर 1846 मध्ये इंग्लंडातले लोक सांगू लागले, की आमच्या ॲडम्सने हे उत्तर आधीच काढले होते. फ्रान्सचे लोक खवळले. आधी काढले होते, तर सांगितले का नाही? दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत शब्दाला शब्द वाढू लागला.

या सगळ्या गोंगाटात गप्प होते ते एकटे ॲडम्स. नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपले गणित विद्वानांच्या सभेपुढे मांडले. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, की ले व्हेर्ये यांनी शोध आधी छापला, त्यांच्याच सांगण्यावरून ग्रह सापडला. त्यांचा मान कमी करण्याचा माझा हेतू नाही. एअरी किंवा चॅलिस यांच्याविरुद्ध त्यांनी तक्रारीचा सूर काढला नाही. पुढे 1847 साली ऑक्सफर्ड येथे ॲडम्स नि ले व्हेर्ये समोरासमोर भेटले. लोक त्यांच्यासाठी भांडत होते, नि ते दोघे मात्र मित्र झाले.

मग खरा मान कोणाचा? पुष्कळ वर्षे पुस्तकांत दोघांची नावे जोडीने लिहीत. पण पुढे एक गंमत झाली. या प्रकरणाचे सगळे मूळ कागद ग्रिनिचला एका फायलीत होते. 1960 नंतर ती फाईल नाहीशी झाली. 1998 साली ती दूर दक्षिण अमेरिकेत चिली देशात सापडली. तेथे एक ज्योतिर्विद वारले, त्यांच्या सामानात ती निघाली. अभ्यासकांनी ते कागद पुन्हा वाचले. त्यांत दिसले, की ॲडम्सनी वेळोवेळी निरनिराळी उत्तरे काढली होती. काही चांगली होती, काही खऱ्या जागेपासून बरीच लांब होती. एका उत्तरावर ठाम राहून जगाला ‘येथे पाहा’ असे त्यांनी सांगितले नव्हते. तसे ले व्हेर्ये यांनी सांगितले. म्हणून आज बरेच अभ्यासक म्हणतात, की ग्रह शोधल्याचा मुख्य मान ले व्हेर्ये यांचा. ॲडम्सनी तो मान कधी मागितलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र दोघांचीही चुकली होती. नवा ग्रह हर्षलच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर असेल, असे दोघांनीही अंदाजाने धरले होते. खरे अंतर त्यापेक्षा बरेच कमी निघाले. तरी दिशा बरोबर आली, नि शोधायला दिशाच हवी होती.

पुढचे आयुष्य

1847 साली इंग्लंडच्या सरकारने ॲडम्सना ‘सर’ ही पदवी देऊ केली. त्यांनी ती नम्रपणे नाकारली. 1859 साली ते केंब्रिजला प्राध्यापक झाले, नि 1861 पासून चॅलिस यांच्या जागी तेथील वेधशाळा सांभाळू लागले. 1881 साली एअरींची ग्रिनिचची मोठी जागाही त्यांच्यापुढे चालून आली. तीही त्यांनी घेतली नाही.

काम मात्र चालू होते. चंद्र जुन्या काळापेक्षा किंचित घाईने चालतो असे दिसत होते. लाप्लास या फ्रेंच पंडिताने त्याचे कारण गणिताने सांगितले होते, नि सर्वांनी ते मानले होते. 1853 साली ॲडम्सनी दाखवले, की लाप्लासचे गणित अपुरे आहे. त्या कारणाने घाईचा जवळजवळ निम्माच भाग उलगडतो. फ्रान्समध्ये मोठी ओरड झाली. ॲडम्सनी शांतपणे आपले आकडे पुढे ठेवले. पुढे दलोने या फ्रेंच गणितज्ञानेच निराळ्या रीतीने गणित केले, नि उत्तर ॲडम्सचेच आले. मग उरलेल्या निम्म्याचे काय? समुद्राच्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने आपली पृथ्वीच फिरताना मंदावते आहे. दिवस शंभर वर्षांत सुमारे दोन हजारांश सेकंदाने लांबतो. घड्याळच मागे पडले, तर चालणारा आपल्याला घाईत दिसणारच. उरलेल्या घाईचे हेच मुख्य कारण.

नोव्हेंबर 1866 मध्ये एका रात्री युरोपात उल्कांचा पाऊस पडला. असा पाऊस 1799 नि 1833 सालीही पडला होता. उल्कांचा हा थवा सूर्याभोवती सव्वातेहतीस वर्षांनी एक फेरी करतो, हे ॲडम्सनी 1867 साली गणिताने पक्के केले.

21 जानेवारी 1892 रोजी केंब्रिज येथे त्यांचे देहावसान झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या देवळात न्यूटनचे स्मारक आहे. त्याच्याजवळच या कुळाच्या मुलाचे स्मारक बसवलेले आहे.

आपण काय घ्यावे?

ही गोष्ट ग्रहाची आहे, तशी ती लिहिण्या-वाचण्याचीही आहे. बघा, ॲडम्सनी गणित केले, पण पत्राचे उत्तर टाकले नाही. चॅलिस यांनी यादी लिहिली, पण लिहिलेले वाचून पाहिले नाही. ले व्हेर्ये यांनी लिहिले, छापले, वर्षभर राहिलेले उत्तरही शेवटी धाडले. बर्लिनच्या दोघांनी नकाशा समोर ठेवून ओळीने वाचला. ग्रह सर्वांच्या डोक्यावर एकच होता. सापडला तो ज्यांनी लिहिणे नि वाचणे शेवटाला नेले त्यांना.

आपल्याकडेही पत्र येते. कचेरीचे येते, बँकेचे येते, मुलाच्या शाळेचे येते. ‘पाहू उद्या’ म्हणून आपण ते फडताळात ठेवतो. मुदत निघून जाते, नि मग नशिबाला बोल लावतो. अक्षर आता तुमच्या हाती आले आहे. पत्र आले, की वाचा. उत्तर लागत असेल, तर दोन ओळी लिहा नि पेटीत टाका. हिशेब लिहिला, तर महिन्याच्या शेवटी तो ताडून पाहा.

आणि ॲडम्सपासून दुसरी एक गोष्ट घ्या. आपला हक्काचा घास गेला असे वाटले, तरी त्यांनी मन कडू केले नाही. दुसऱ्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले, नि पुन्हा दिवा लावून कामाला बसले.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

1. हर्षल हे नाव कोणाच्या नावावरून पडले?
2. खळ्यावरच्या बैलाच्या उदाहरणात तिवडा म्हणजे कोण, नि पेंढी म्हणजे कोण?
3. चॅलिस यांच्या यादीत ग्रह होता, तरी त्यांना तो का सापडला नाही?
4. तुमच्या घरी उत्तर न दिलेले एखादे पत्र आहे का? असेल, तर आजच त्याचे उत्तर लिहा.